‘पीएस टू तर कुठल्याही लॅपटॉपवर पळतो’ म्हणे!

सुट्ट्या लागल्या की हा मेसेज नव्याने फिरायला लागतो. पीएस टू म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन २ हे गेम खेळायचं यंत्र; त्याचे गेम लॅपटॉपवर चालवायला त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, म्हणजे इम्युलेटर, लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मतितार्थ असा: ‘पीएस टू २००० सालचा. प्रोसेसर २९४ मेगाहर्ट्झचा, रॅम ३२ एमबी. आजचा कुठलाही लॅपटॉप त्याच्या दसपट. तरी गेम अडखळतोय? रॅम वाढवा, नाहीतर ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घ्या. तोवर गेम बूस्टर टाका आणि ईई सायकल रेट १८० टक्के करा.’

आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेलं जवळपास सगळं चूक आहे.

आधी ते २९४ मेगाहर्ट्झ. मुख्य प्रोसेसर, म्हणजे इमोशन इंजिन (तेच ते ‘ईई’), त्या वेगाने चालतो हे बरोबर. पण त्याच्या पोटात व्हीयू-० आणि व्हीयू-१ अशी दोन वेगळी गणित-यंत्रं आहेत. शेजारी चित्र रंगवणारा ग्राफिक्स सिंथेसायझर (जीएस), आवाजाची चिप, आणि कंट्रोलर-डिस्क सांभाळायला चक्क पहिल्या प्लेस्टेशनच्या घराण्यातला प्रोसेसर. हे सगळे एकाच वेळी राबतात, आणि कोण किती वेळात काय हातात देणार हे गृहीत धरूनच गेमचा कोड लिहिलेला असतो. इम्युलेटरला ही सगळी वाद्यं एकट्याने वाजवायची आणि दर वेळी समेवरही यायचं. त्यात भाषा वेगळी. तिकडच्या मिप्स सूचनांचं इकडच्या एक्स८६ मध्ये भाषांतर करायचं, तेही गेम चालू असताना.

खरी मेख कुठे आहे ते एका बारीक गोष्टीवरून कळतं. शून्याने भागलं की पीसी ‘अनंत’ असं उत्तर देतो. पीएस टूच्या गणितात अनंत नाहीच. त्याला मावणारी सगळ्यात मोठी संख्या देऊन तो मोकळा होतो. आता एखाद्या कॅरेक्टरच्या पायाची जागा अशा हिशेबातून ठरत असेल, तर पीसीवर तो पाय गावभर पसरतो. म्हणून पीसीएसएक्स-टू हा पीएस टूचा इम्युलेटर उत्तरं तपासून मर्यादेत आणत बसतो. सेटिंग्जमध्ये त्याला क्लॅम्पिंग म्हणतात. मूळ मशीनवर एका सूचनेत उरकणाऱ्या कामाला इकडे कितीतरी जास्त सूचना लागतात त्या अशा. सुपर निन्टेंडोचा प्रोसेसर तर ३.५८ मेगाहर्ट्झचा, तरी त्याची तंतोतंत नक्कल करणाऱ्या बीएसनेसला २०११च्या सुमारास ३ गिगाहर्ट्झचा पीसी लागायचा. मेगाहर्ट्झला मेगाहर्ट्झने भागून इथे काही कळत नाही.

आता रॅम आणि ग्राफिक्स कार्ड. मागच्या महिन्यात भाचा हेच दोन्ही घ्यायच्या तयारीने आला होता. पातळ लॅपटॉप, १५ वॅटचा प्रोसेसर, चार कोअर, कागदावर ३.४ गिगाहर्ट्झ. गॉड ऑफ वॉर २ पहिली पाच-सात मिनिटं लोण्यासारखा चालायचा, मग आवाज फाटायला लागायचा आणि गेमचा नायक क्रेटोस पाण्यातून चालल्यासारखा दिसायचा.

‘मामा, सीपीयू तर तीसच टक्के वापरतोय. म्हणजे कार्डच कमी पडतंय ना?’

टास्क मॅनेजरमधला तो तीस टक्क्यांचा आकडा फसवा असतो. तो सगळ्या कोअरची सरासरी सांगतो. पीसीएसएक्स-टूचा मुख्य भार दोन-तीन थ्रेडवर, म्हणजे कामाच्या स्वतंत्र धाग्यांवर, असतो: एक ईईचा, एक जीएसचा, आणि एमटीव्हीयू ही सेटिंग चालू असेल तर व्हीयू-१चा. बाकीचे कोअर हातावर हात ठेवून बसतात. त्याऐवजी इम्युलेटरच्या ऑन-स्क्रीन डिस्प्लेमध्ये स्पीड, सीपीयू आणि जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) वापर दाखवायला सांगायचं. आम्ही ते केलं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात दिसलं: स्पीड ६८ टक्के, ईई ९८, जीएस ४०, जीपीयू २२. म्हणजे ग्राफिक्सला कामच मिळत नव्हतं. कार्ड कितीही महागाचं घेतलं असतं तरी तेही तसंच बसून राहिलं असतं.

मग प्रोसेसरचा चालू वेग पाहिला. सुरुवातीला ३.३ होता, आता १.७. लॅपटॉप गादीवर होता, खालची जाळी चादरीने बुजलेली. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. टेबलावर घेतला, मागच्या बाजूला दोन जुने दिवाळी अंक सारले, चार्जर लावला, विंडोजचा पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर नेला. दहा मिनिटांनी वेग २.९, ईई ७९, स्पीड १०० टक्के. खर्च शून्य.

ग्राफिक्स कधीच कमी पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ईई निवांत आणि जीपीयू शंभराला टेकलेला दिसला, तर आधी इंटर्नल रिझोल्यूशन (चित्र मूळच्या किती पट बारकाईने रंगवायचं ते) खाली आणा. ६ पट ठेवणं म्हणजे मूळच्या ३६ पट पिक्सेल रंगवणं. १०८० पिक्सेलच्या पडद्याला ३ पट पुरे. ब्लेंडिंग ॲक्युरसी (रंग एकमेकांत किती अचूक मिसळायचे ते) ‘बेसिक’वर आणा. वेगळं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर इम्युलेटर आतल्या साध्या ग्राफिक्सवरच चालतोय का, हेही तपासा. आणि रेंडरर (चित्र काढायची पद्धत) चुकून ‘सॉफ्टवेअर’वर असेल, तर चित्राचं सगळं काम सीपीयूच्या बोकांडी बसतं.

रॅमचंही तसंच. ८ जीबीची १६ केल्याने ईईचा आकडा हलत नाही. अपवाद एकच: ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच आहे आणि रॅमची एकच पट्टी आहे. अशा लॅपटॉपमध्ये जोडीची पट्टी टाकली की ग्राफिक्सला मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद मिळतो. फायदा त्या रुंदीचा.

गेम बूस्टरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो मागे चालू असलेले प्रोग्रॅम बंद करतो, एवढंच; ब्राउझर बंद करायला ॲप कशाला?

सायकल रेट १८० टक्के करायचा सल्ला मात्र थेट उलटा आहे. त्याने तुमचा लॅपटॉप नाही, आतला खोटा पीएस टू वेगवान होतो, आणि त्याची नक्कल करायला तुमच्या प्रोसेसरला आणखी राबावं लागतं. तगड्या मशीनवर त्याचा उपयोग आहे: शॅडो ऑफ द कोलोसस खऱ्या पीएस टूवरही धापा टाकायचा, तिथे हा आकडा वाढवून तो सुधारतो. कमजोर लॅपटॉपवर हा आकडा बदलायचाच तर खाली ७५ कडे न्या, तेही नाइलाजाने. कारण मग स्पीड १०० दिसतो, पण गेमच आतून फ्रेम गाळायला लागतो.

आणखी एक तक्रार या मेसेजखाली हमखास असते: ‘सगळं केलं, तरी ५०च्या वर एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) जात नाही.’ डिस्क कुठली आहे ते बघा. आपल्याकडे गेम पाल या टीव्ही पद्धतीचे यायचे, सेकंदाला ५० वेळा चित्र. अमेरिकन-जपानी आवृत्ती जवळपास ६०ची. पाल डिस्कवर ५० म्हणजे पूर्ण वेग. त्यामुळे एफपीएसपेक्षा स्पीडचा टक्का बघावा. त्या तक्रारींतल्या काही जणांचा लॅपटॉप बहुधा पहिल्यापासून ठणठणीत असणार.

हे सगळं बघून झालं, चार्जर लावलेला आहे, प्रोसेसरचा वेग टिकून आहे, एमटीव्हीयू चालू आहे, आणि ईई तरीही ९९ वर, स्पीड ७० वर, असं असेल तर लॅपटॉप खरंच कमी पडतोय. मग दुसरा घेताना कोअर किती ते दुकानदाराला विचारू नका; एका कोअरचा वेग किती आणि तो तापल्यावर टिकतो का, ते विचारा.