चुकलं तर बोंबल की, बेस६४!

बेस६४ म्हणजे कुठलाही डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत. तीन बाइट घ्या, त्यांच्या २४ बिटांचे सहा-सहाचे चार तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला ६४ अक्षरांच्या तक्त्यातलं एक अक्षर द्या. शेवटी बाइट कमी पडले तर एक किंवा दोन = लावा, हेच पॅडिंग. संपलं बेस६४! एवढ्याशा कामाचं मॉड्यूल, आणि डोक्याला ताप किती?

सगळ्यात संताप येतो तो याच्या मुकाट बसण्याचा. पायथनचा साधा डीकोडर घ्या. 'व्हॅलिडेट' मुद्दाम चालू केलं नाही, तर तक्त्याबाहेरचं अक्षर दिसलं की तो ते गुपचूप फेकून देतो आणि पुढे चालू लागतो. पीएचपीतही तेच, स्ट्रिक्ट मोड आपण मागायचा. अरे, कचरा खपवून घेणं हा डीफॉल्ट कुणी ठेवतं का?

आता यातून काय होतं बघा. यूआरएलसाठीच्या प्रकारात + च्या जागी - आणि / च्या जागी _ असतं. तो मजकूर चुकून साध्या डीकोडरकडे गेला की ही चिन्हं गायब. एक-दोन गळाली तर बहुधा पॅडिंग चुकल्याची एरर येते. मग लोक शेवटी = चिकटवत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! एरर जाते, डेटा सडलेलाच राहतो. आणि नेमकी चार चिन्हं गळाली तर एररसुद्धा नाही. फाइल तीन बाइटांनी लहान, मधले सगळे बिट सरकलेले, आणि प्रोग्रॅम म्हणतो सगळं छान. उलट दिशेनेही तेच: साधा प्रकार यूआरएलच्या क्वेरीत तसाच टाकला की + चा स्पेस होतो, आणि ढिला डीकोडर तो स्पेसही गिळतो.

पॅडिंग खरंच गाळलेलं असू शकतं, जेडब्ल्यूटीत (लॉगिनसाठी वापरतात ते टोकन) ते कधीच नसतं. तेव्हा लांबीला ४ ने भागा. बाकी २ आली तर दोन =, ३ आली तर एक. बाकी १ आली तर काही जोडू नका, मजकूर अर्धवट आलाय.

दुसरी कटकट नवीन ओळीची. ७६ अक्षरांची मर्यादा ईमेलसाठी, १९९६ च्या माइम नियमांतली. बेस६४ चं मानक म्हणजे २००६ चं आरएफसी ४६४८, त्यात स्वच्छ लिहिलंय, की बेस६४ वापरणाऱ्या नियमाने स्पष्ट सांगितल्याशिवाय ओळी तोडायच्या नाहीत. तरी पर्लचं मॉड्यूल तोडतं, वर शेवटी एक नवीन ओळ फुकट देतं (दुसरा आर्ग्युमेंट रिकामी स्ट्रिंग द्या, मग थांबतं). लिनक्सवरची कमांडही ७६ ला तोडते, तिला -डब्ल्यू ० सांगावं लागतं. ७६ अक्षरं म्हणजे ५७ बाइट. चाचणीत युजरनेम-पासवर्ड छोटे, सगळं हिरवं. लाइव्हवर लांब टोकन आलं, ५८ वा बाइट पडला, ऑथोरायझेशन हेडर (विनंतीतली लॉगिनची ओळ) मधोमध फुटला. आता शोधा!

त्यात पासवर्ड एको कमांडने या कमांडकडे पाइप केला तर त्याच्या शेवटची नवीन ओळही इमानदारीत एन्कोड होते. स्क्रीनवर पासवर्ड बरोबर दिसतो, लॉगिन होत नाही. प्रिंटएफ वापरा. आणि पासवर्ड बेस६४ केला म्हणजे लपवला असं समजणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.

ब्राउझरमधलं बेस६४ करणारं बीटूए (btoa) फंक्शन वेगळंच. त्याला स्ट्रिंग द्यायची, पण २५५ च्या वरचा कोड पॉइंट (अक्षराचा युनिकोड क्रमांक) चालत नाही. म्हणजे मराठीतला एक 'क' दिला की एक्सेप्शन. आधी टेक्स्टएन्कोडरने यूटीएफ-८ बाइट करून घ्यायचे. पण निदान हे बोंबलतं तरी!

मोठी फाइल तुकड्यांत एन्कोड करताना १०२४ बाइटांचे तुकडे घेणारे महाभाग तर जागोजाग. १०२४ ला ३ ने भागून १ उरतो, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ==, आणि ते सगळे एकमेकांना जोडले की मजकुराच्या पोटातच पॅडिंग. काही डीकोडर पहिल्या = पाशीच दुकान बंद करतात. ३०७२ घ्या ना, ३ च्या पटीत! काय जातंय?