‘स्वस्त कॅमेऱ्याने मैफल टिपता येत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा शांतपणे वाचली. जुनी क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत) एवढ्यावर मैफलींचे फोटो काढायला सुरुवात करता येते, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमच्या मते हा सल्ला नवशिक्यांची दिशाभूल करणारा आहे. फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर) आणि ७०-२०० एफ/२.८ ही लांबची झूम लेन्स नसेल तर त्या वाटेला जाऊच नये, क्रॉप बॉडीवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४००ला नुसता चिखल होतो हे तुम्ही स्वतः अनुभवलंय, आणि माझे कृष्णधवल फोटो म्हणजे नॉइज (फोटोतले दाणे) झाकायची युक्ती आहे. सविस्तर उत्तर द्यायचं कारण एकच. असंच ऐकून कितीतरी जण कॅमेरा घरी ठेवून कार्यक्रमाला जातात, आणि ते मला मनापासून खुपतं.

आधी हिशेब मांडू. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ १.५ क्रॉपच्या, म्हणजे लांबी-रुंदीने दीडपट लहान, सेन्सरपेक्षा सुमारे सव्वादोन पट असतं. एफ/१.८ची लेन्स एफ/२.८पेक्षा सुमारे २.४ पट उजेड आत घेते. म्हणजे लहान सेन्सरमुळे जे गमावलं ते मोठ्या अ‍ॅपर्चरने (लेन्सच्या मोठ्या छिद्राने) जवळजवळ पुरतं भरून निघालं. शटर उघडा राहण्याचा वेळ सारखाच ठेवला तर क्रॉपवरची एफ/१.८ आणि फुल फ्रेमवरची एफ/२.८ यांच्या सेन्सरवर पडणारा एकूण उजेड जवळपास तेवढाच. आणि अंधारात नॉइज मुख्यतः त्या एकूण उजेडावर ठरतो. पावसाचे पहिले तुरळक थेंब फरशीवर कसे विस्कळीत पडतात? सर जोरात आली की फरशी सगळीकडे सारखी भिजते. उजेडाचे कणही तसेच येतात, कमी असले की ठिपके दिसतात. म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांचा ६४०० शेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही. तुमचा एफ/२.८ जिथे ६४०० मागतो तिथे एफ/१.८चं काम २५००च्या आसपास भागतं. सेन्सर साधारण एकाच पिढीचे असतील तर या दोन फोटोंच्या नॉइजमध्ये फारसा फरक उरत नाही.

आता तुमचं कुठे बरोबर आहे ते. मोठा रंगमंच, कठड्यामागे उभं राहायचं, गायिका वीस मीटरवर. तिथे ५० एमएमने ती चौकटीत बोटाएवढी दिसते, आणि कापून मोठी केली तर उरतं फार थोडं. तिथे ७०-२००ला खरंच पर्याय नाही. माझा सल्ला चार-पाच मीटरवरून कलाकार दिसतो अशा लहान सभागृहांसाठीच होता, आणि मी ते स्पष्ट लिहिलं नव्हतं. ही माझी चूक आहे, मूळ लेखात आज दुरुस्ती केली. मधल्या अंतरासाठी ८५ एमएम एफ/१.८ आहे. ती १.५ क्रॉपवर १२८ एमएमसारखी वागते आणि सेकंडहँड मिळते. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स मैफलीला चालत नाही, या तुमच्या म्हणण्याशीही पूर्ण सहमत आहे. झूम केल्यावर ती एफ/५.६वर जाते, म्हणजे एफ/१.८च्या जेमतेम एक दशांश उजेड. तिच्यावर कुणी मैफलीचा भरवसा ठेवू नये.

पण चिखलाचं कारण बॉडी आहे, हे मात्र मला मान्य नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला एक फोटो अजून जपून ठेवलाय. शटर १/६० सेकंद, लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू. मायक्रोफोनच्या जाळीचं भोकन् भोक मोजता येतं, आणि त्यामागे गायिकेची हनुवटी आणि बोटं पुसल्यासारखी झालीत. स्टॅबिलायझेशन माझा हात सावरतं, तिचा नाही. नंतरचा दुसरा एक फोटो १/२५०, आयएसओ ६४००. त्यात काळ्या पडद्यावर सगळीकडे दाणे आहेत, पण पापण्या वेगवेगळ्या दिसतात आणि वरच्या ओठावरचा घामाचा थेंबसुद्धा. लोक मागतात तो हाच फोटो, दाण्यांबद्दल आजवर कुणी एक शब्द काढलेला नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. गाणाऱ्यासाठी शटर १/२००च्या खाली नेत नाही, ड्रमरसाठी १/५००. अ‍ॅपर्चर शक्य तितकं उघडं. मग आयएसओ जिथे जाईल तिथे जाऊ दे. बहुतेक जण उलटं करतात. ६४००च्या धास्तीने १६००वर थांबतात, फोटो काळा येतो, मग संगणकावर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उचलतात. सावल्यांमधून सगळी घाण वर येते, जुन्या सेन्सरवर तर आडवे-उभे पट्टेसुद्धा. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटरही फसतं. मागचा काळा पडदा बघून त्याला वाटतं उजेड कमी आहे, ते एक्स्पोजर वाढवतं आणि चेहरा पांढराफटक. त्यामुळे मी मॅन्युअल मोडवरच असतो, पहिल्या गाण्यात चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजणं) करून आकडे पक्के करतो. रंगीत दिवे नाचत असले तरी समोरून पडणारा पांढरा झोत बहुधा फारसा बदलत नाही.

फोकसचा त्रास खरा आहे. ५० एमएम एफ/१.८ने दीड मीटरवरून क्रॉप बॉडीवर जेमतेम सहा सेंटीमीटर खोली स्पष्ट येते, डोळा मिळतो आणि कान जातो. तीन मीटरवर गेलात की तीच खोली पंचवीस सेंटीमीटर होते. एक पाऊल मागे येण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. आणि ज्या हातात माइक आहे त्याच्या विरुद्ध बाजूला उभं राहा, नाहीतर कॅमेरा डोळ्याऐवजी माइकची कडा पकडत बसतो.

ज्यावर मला सर्वांत जास्त बोलायचंय ती गोष्ट विकत मिळत नाही. झोका टोकाला गेला की क्षणभर थांबतो. कलाकाराचं शरीरही तसंच थांबतं. लांब ओढलेला सूर सुटण्याआधी, गिटारवरचा हात वर गेल्यावर, मान मागे टाकल्यावर. त्या क्षणी १/१००लाही फोटो हलत नाही. पण तो क्षण डोळ्यांना दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो, तो कानाने आधी कळावा लागतो. मी पहिलं कडवं नुसतं ऐकतो, श्वास कुठे घेतला जातो ते बघतो. दुसऱ्या कडव्यात ती जागा परत येते, तेव्हा कॅमेरा आधीच डोळ्याला लागलेला असतो.

कृष्णधवलचा आरोप थोडा लागला, म्हणून नीट सांगतो. बहुतेक सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक तांबडा आणि एक निळा असतो. मंचावर निव्वळ निळे एलईडी असतील तर चारातला एकच पिक्सेल पोटभर उजेड घेतो, बाकीचे जवळजवळ उपाशी. चेहरा सपाट निळा डाग होतो, निळा चॅनल फुटतो (काठोकाठ भरून तपशील जातो) आणि साधा हिस्टोग्राम (उजेडाची विभागणी दाखवणारा आलेख) मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवतो. व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, उजेडात नसलेला रंग आणणार कुठून? हे महागड्या फुल फ्रेमवरही अगदी असंच होतं. तिथे तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम बघायचा आणि एक्स्पोजर एखादा स्टॉप कमी ठेवायचं. नंतर उरलेल्या एका चॅनलमधून चेहऱ्याचा घाट वाचवायचा प्रामाणिक मार्ग म्हणजे कृष्णधवल. फोटोंखाली मी हे कारण लिहायला हवं होतं, ते आता लिहिलंय. दाण्यांविषयी म्हणाल तर, कोडॅकची ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म ३५ एमएममध्ये १९५४ साली आली. पुढे ४०० स्पीडची ही फिल्म १६००पर्यंत ताणून काढलेल्या मैफलींच्या फोटोंत दाणे आहेतच, आणि ते फोटो आपण आजही बघतो.

फुल फ्रेमच हवी असेल तरी नवी घेऊ नका. २०१२ची कॅनन ६डी बघा. तिचा मधला फोकस पॉइंट उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप) चालतो, म्हणजे जवळजवळ चांदण्यात. तिला कॅननचीच ५० एमएम एफ/१.८ लावा. नॉइज काढायला डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे.

आता तुमच्या त्या चिखल झालेल्या फोटोबद्दल. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर उघडा आणि दोन गोष्टी मला कळवा: शटर किती होता, आणि एक्स्पोजरचा स्लायडर किती उजवीकडे सरकवला होता. दीड-दोन स्टॉप सरकवला असेल तर ६४०० म्हणून दिसणारा तो फोटो खरं तर सुमारे १८००० ते २५६००चा आहे. तसं नसेल, शटरही वेगवान असेल आणि तरीही चिखल असेल, तर फाइल मला पाठवा. मला ती खरंच बघायची आहे.