चौकोनी पाईप कशाने कापावा: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चौकोनी पाईप बँडसॉने, म्हणजे दातेरी पट्टीचे पाते फिरवणाऱ्या यांत्रिक करवतीने, कापावा असा सल्ला मी माझ्या लेखात दिला होता. त्यावर ‘बँडसॉचा सल्ला हा भरल्या खिशाचा सल्ला आहे, चकतीचे कटऑफ मशीन स्वस्तात येते, दुप्पट वेगाने कापते, आणि पात्यासारखे त्याचे दात तुटत नाहीत,’ असा आपला आक्षेप आहे. ग्रिल, गेट आणि शेडच्या कामापुरते आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझा लेख मात्र टेबल आणि ट्रॉलीच्या फ्रेमबद्दल होता, जिथे 40 बाय 40 मिलिमीटरचा, 14 गेजचा (सुमारे 2 मिलिमीटर जाड भिंतीचा) पाईप 45 अंशांत कापून कोपरा जुळवायचा असतो.

त्या तिरक्या कापाची लांबी सुमारे 57 मिलिमीटर भरते. दोन्ही तुकड्यांत अर्ध्या-अर्ध्या अंशाची चूक एकाच बाजूला राहिली, तर कोपऱ्याच्या एका टोकाला जवळजवळ एक मिलिमीटरची फट पडते. ती बुजवायला वेल्डर जास्त धातू भरतो, तो निवताना आकसतो आणि फ्रेम गुण्यात (नेमक्या काटकोनात) राहत नाही. ही चूक चकतीकडून का होते, तेही पाहा. मिनिटाला 3,800 फेरे घेणाऱ्या 14 इंची (सुमारे 355 मिलिमीटर व्यासाच्या) चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 70 मीटर असतो. झिजून ती 250 मिलिमीटरवर आली की तो 50 मीटरवर उतरतो, काप रेंगाळतो, कारागीर हँडलवर जोर देतो आणि व्यासाच्या मानाने पातळ असलेली चकती बाजूला लवते. शिवाय कापाच्या खालच्या कडेला काळपट बर (कापताना उरलेली धातूची खरबरीत कड) लोंबते. ती ग्राइंडरने काढण्याचा वेळ आपल्या ‘दुप्पट वेगात’ धरलेला दिसत नाही. बँडसॉचे पाते माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला साठेक मीटरनेच चालते, त्यामुळे कड तापत नाही आणि बर कानशीच्या दोन हातांत निघते.

दात तुटण्याची तक्रार खरी आहे, पण तिचे कारण बहुधा जाड दातांचे (इंचाला कमी दात असलेले) पाते हेच असते: पाईपची पातळ भिंत दोन दातांच्या मधल्या खाचेत अडकते आणि दात उपटला जातो. 14 गेजला इंचाला निदान 14 दातांचे, त्याहून पातळ 18 गेजला 24 दातांचे पाते लावावे आणि सुरुवातीला ते हलक्या हाताने उतरवावे.

बँडसॉ आज परवडत नसेल, तर कटऑफ मशीनवर सरळ काप घेऊन एका पाईपचे टोक दुसऱ्याच्या बाजूला काटकोनात टेकवून जोड करा आणि उघड्या टोकांवर पत्र्याची टिकली वेल्ड करा. ट्रॉलीसाठी तो जोड मजबुतीत कमी पडत नाही.