अजिंक्यताऱ्यावर दहा लिटर पाणी

हिमालयात जायचं ठरलं की सगळा सातारा आधी तुमच्या छातीकडं बघतो. "तिथं हवा विरळ असती म्हणं. जमंल का?" मग कुणीतरी श्वास अडवणारा काळा मास्क सुचवतं. तो बांधून पोवई नाक्यावरून पळालं की कुत्री मागं लागतात, तेवढाच काय तो जादा व्यायाम. हवेत ऑक्सिजन पोवई नाक्यावर २१ टक्के आणि एव्हरेस्टवरही २१ टक्केच. वर गेल्यावर घटतो तो हवेचा दाब, आणि साडेपाच हजार मीटरवर तो निम्मा होतो. मास्कला त्यातलं काही जमत नाही.

आपल्याकडं उंची आणायची कुठून? अख्ख्या महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई, ते १६४६ मीटर. रक्ताला सवय लागते ती तिकडंच. ३००० मीटरच्या वर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. घरी घडवायचे ते दम, पाय आणि गुडघे. २०१३ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेली प्रियांका मोहिते याच साताऱ्याची, त्यामुळं गावाला दोष द्यायचीही सोय नाही.

दम हळू चालून वाढतो, आणि सातारकराला पचायला सगळ्यांत जड गोष्ट हीच. २२० मधून वय वजा करा आणि त्याच्या ७० टक्क्यांच्या आत नाडी ठेवा. चाळिशीत ते १२६ होतात. चढावर अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. आठवड्यातून चार दिवस, तासभर. या वेगानं साताऱ्यातल्या 'चार भिंती' या टेकडीचा चढ चढताना काठीवाले आजोबा पुढं निघून जातात आणि जाताना मायेनं विचारतात, "काय रं पोरा, आजारीबिजारी हाईस का?" इथं ईर्ष्येनं पाय उचलला की नाडी १६० वर जाते आणि त्या दिवसाची मेहनत वाया.

पाऊस असला तर जिना. एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीत ३०० मीटर चढायला ३३ फेऱ्या. पाठीवर सॅक बघून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पाचव्या फेरीला विचारतात, "कोण घर सोडतंय हो?" विसाव्या फेरीला त्या काही विचारत नाहीत, दार लावून घेतात.

सॅकमध्ये सुरुवातीला पाच किलो, मग आठवड्याला एक किलो. घाई केली की पोटरीच्या खालची शीर धरते आणि पंधरा दिवस घरी बसवते. ज्वारी भरली तर ती तळाला बसते, खांदे मागं ओढते, माणूस पुढं वाकतो आणि कंबर बोलायला लागते. तळाला गोधडी कोंबा, वजन वर आणि पाठीला चिकटून ठेवा. कमरपट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर आवळा. तिथं निम्म्याहून जास्त भार उतरला नाही तर खांदे संध्याकाळी हिशोब मागतात.

गुडघे उतारावर जातात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी माणूस जिना उलटा उतरतो. उपाय एका पायरीचा आहे. एका पायावर उभं राहा, तीन आकडे मोजत दुसरी टाच जमिनीला टेकवा आणि परत वर या. प्रत्येक पायाला बारा वेळा, असं तीनदा. गुडघा आत झुकू द्यायचा नाही. टाच धप्पकन पडली तर ती मोजायची नाही. (आई मोजते आणि जास्तच मोजते.)

निघायच्या दोन महिने आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) तपासा. वर गेल्यावर शरीर नव्या तांबड्या पेशी बनवतं आणि त्याला लोह लागतं. जेवणावर लगेच चहा प्यायला तर ते लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. पण हे सासुरवाडीत सांगून बघा.

सॅकमध्ये सगळ्यांत चांगलं वजन पाण्याचं. एक लिटर म्हणजे एक किलो, ताजवा नको. दहा लिटर घेऊन अजिंक्यतारा किल्ल्यावर चढायचं, वर ओतायचं आणि रिकाम्या बाटल्या घेऊन गुडघे वाचवत उतरायचं. फक्त ओतताना आजूबाजूला बघा. किल्ल्यावरच्या मंगळाई देवीच्या दर्शनाला आलेली मावशी कमरेवर हात ठेवून उभी असते.

"इथवर आणलंस आणि मातीत ओततोयस? त्या झाडाला घाल की!"

घातलं की ती पलीकडं बोट दाखवते. "उद्या येताना त्या दोन रोपांनाबी आण."

आणि मग बारा लिटर.