घरात पाणी हवंय? मग एवढं कराच

परवा रात्री गटाराचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात आलं आणि रिकामा सिलिंडर तरंगत तरंगत फ्रिजला जाऊन टेकला. एवढं सुख एकट्याने भोगणं बरं नव्हे. ज्यांच्या घरी अजून पाणी शिरलेलं नाही, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

सुरुवात प्लॉटपासून करा. सखल शेत स्वस्तात मिळतं ते घ्या, तांबड्या मातीचे ट्रक मागवा आणि शेजाऱ्याच्या जोत्यापेक्षा तीन फूट वर या. भू-रूपांतराची चिंता नको, नगरनियोजन कायद्यात 39-अ सारखी कलमं कशासाठी असतात? 1,000 चौरस मीटर जमिनीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे 25 हजार लिटर पाणी होतं, आणि आपल्याकडे गोव्यात वर्षाला 120 इंचांच्या आसपास पडतो. पूर्वी हे पाणी शेतात उभं राहायचं. आता शेजाऱ्याकडे राहील.

मग दारापुढच्या गटारावर गाडीसाठी काँक्रिटचा रॅम्प घाला. खाली पाईप घालायचाच झाला तर सहा इंची घाला, पाण्याची बाटली त्यात छान अडकते.

उपसलेला गाळ गटाराच्या काठावरच ठेवा. पहिला पाऊस तो पुन्हा आत नेतो आणि कंत्राटदाराचं पुढचं बिल निघतं.

आता तळं. तुमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, तळं असेल तर तुम्ही नशीबवान, त्याचं ताबडतोब सुशोभीकरण करून घ्या. आमच्याकडे झालंय. भोवती चिऱ्यांची भिंत, पेव्हर, बाकडी, निळे दिवे, कोनशिला. रस्त्यावरचं पाणी तळ्यात उतरावं म्हणून भिंतीत पाईपही ठेवलाय, फक्त त्याचं तोंड रस्त्यापेक्षा वीतभर वर आहे. म्हणजे रस्त्यावर वीतभर पाणी साचल्याशिवाय आत थेंब जात नाही, आणि वीतभर साचायच्या आत ते आमच्या पायऱ्या चढतं. मी हे पंचायतीच्या पंचबाबांना नेऊन दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, "तुमचं बरोबर आहे" म्हणाले, आणि आठवड्याने पाईपाला निळा रंग मारून घेतला.

आणि आत तळं कसं? काठोकाठ! कारण त्यात हंसाच्या आकाराच्या दोन पॅडल बोटी आहेत, पाणी उतरलं की त्या चिखलात बसतात आणि फोटो वाईट येतात. अहो, पावसाळ्यात तळ्यात जागा रिकामी हवी! पाऊस यायच्या आधी पातळी उतरवायची, मुसळधार सर पोटात घ्यायची आणि ओहोटीला हळूहळू खाडीत सोडायची, हेच तर त्याचं काम. आधीच भरलेल्या तळ्यात पाऊस मावणार कुठे, हंसात? पाणी सोडायचं दार आहे, त्याला कुलूप आहे, कुलपाची चावी एकाच माणसाकडे आहे, आणि परवा तो माणूस सासुरवाडीला सावंतवाडीत होता. फोन बंद. ओहोटीचे ते तास आम्ही टॉर्च घेऊन कुलपाकडे बघत काढले. मग भरती आली आणि दार उघडून तरी काय उपयोग राहिला?

भरती म्हणे "अचानक" आली. दिवसातून दोनदा येते, अमावास्या-पौर्णिमेला जास्त चढते, वर्षभराचं वेळापत्रक आधी छापून मिळतं. पण आमच्याकडे ती अचानकच येते. याच गोव्यात खाजन शेतांना, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांना, मानशी आहेत. लाकडी दारं, भरतीच्या जोराने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडणारी. वीज नको, सेन्सर नको, सासुरवाडीची भानगड नको. आतल्या बाजूला पाणी थांबायला खोलगट जागा राखलेली असायची आणि बांध सांभाळायला गावकरी. त्या लोकांकडे निळे दिवे नव्हते, हे मात्र खरं.

पणजीकरांना मी काय सांगणार? तिथल्या पाणी तुंबणाऱ्या मळा आणि सांत इनेजवाल्यांनी उलट आम्हालाच शिकवावं.

ग्रामसभेला चुकूनही जाऊ नका. आम्ही गेलो तेव्हा हॉल रिकामा होता. शेत बुजवण्याचा विषय निघाला आणि पहिल्या रांगेतले भराववाले तेवढे माना डोलवत होते. आणि तुम्ही? तुम्ही घरी मोबाईलवर पुराचे व्हिडिओ पुढे पाठवत होता. मे महिन्यात टँकरला पैसे मोजता आणि जूनमध्ये तेच पाणी दुसऱ्याच्या घरात ढकलता, लाज नाही वाटत? पंचाला शिव्या मीही घालतो. पण तुमच्या दारातला रॅम्प पंचाने नाही घातला, तुम्ही घातलात. तुमच्या गाडीला जरासा उंचवटा चढायला नको, म्हणून माझी म्हातारी आई रात्रभर पलंगावर पाय वर घेऊन बसली. तिला दुसऱ्या दिवशी ताप होता. तुम्ही गाडी धूत होता.

तो रॅम्प फोडा. त्या जागी उचलता येणारी लोखंडी जाळी बसवा, खाली फावडं गेलं पाहिजे. रस्त्याकडचा पाईप खाली घ्यायला लावा, अर्जावर माझ्या एकट्याची सही पुरत नाही, तुमचीही करा. आणि तळ्याच्या कुलपाची दुसरी चावी तळ्याशेजारच्या घरात ठेवा. माझ्याकडे द्या, ओहोटी बघून मी उघडीन. हंस चिखलात बसले तर बसू देत.