कुलगुरूपदाचे रोजचे काम लेखात हवे होते

रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक गणपती यादव माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे पहिले कुलगुरू कसे झाले, हे त्यांच्यावरील तुमच्या लेखात नीट आले आहे. मात्र २०१६ च्या पद्मश्रीला जितकी जागा दिली, तितकी २००९ पासूनच्या त्यांच्या कुलगुरूपदाच्या दशकाला मिळायला हवी होती. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, म्हणजे परीक्षा, पदव्या, नेमणुका असा सगळा कारभार तिच्याच अंगावर आला, आणि तो सांभाळतानाही त्यांनी उत्प्रेरकांवरील (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांवरील) संशोधन व पीएच.डी.चे मार्गदर्शन सोडले नाही. सह्यांच्या फायलींत बुडालेल्या माणसाला हे साधणे सोपे नसते.

मी लोटे-परशुरामच्या एका रसायन कारखान्यात उत्पादन विभागात आहे. बॅच बिघडली की कामगारावर न ओरडता आधी लॉगशीटवरच्या तापमानाच्या नोंदी बोटाने एकेक करून तपासणारा आमचा एक सहकारी माटुंग्याच्या त्याच संस्थेत शिकलेला आहे. (तिखट बोलतो, पण ते चालते.) आमच्या कोकणातही लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथल्या कुलगुरूंच्या कामावरही असे सविस्तर लिहावे.