बावन्नातल्या एका आठवड्याची मालकीण

गोव्यातल्या आमच्या रिसॉर्टवर ('आमच्या' हा शब्द मी जपून वापरतेय, कारण पुढे येईलच) पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सांगलीहून चोर्ला घाटाने आलो. धुकं असं की यांनी सबंध घाट काचेला नाक लावून उतरवला. रिसेप्शनवरच्या मुलीने कोकम सरबत दिलं, आधार कार्डं घेतली आणि किल्ली द्यायची सोडून विचारलं, "मॅम, उद्या ब्रेकफास्टनंतर मेंबर अपडेटला कितीचा स्लॉट देऊ? फक्त 40 मिनिटं. दोघांनी यायचं हं, कपल कंपल्सरी आहे."

"अगं, आम्ही आधीपासूनच मेंबर आहोत."

"म्हणूनच तर, मॅम. आणि अटेंड केलं की एअर फ्रायर गिफ्ट."

मी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत यांनी साडेदहाचा स्लॉट घेतलासुद्धा. फुकटाची वस्तू म्हटली की हे विरघळतात. मूळ दुखणंही तिथूनच सुरू झालेलं आहे. 2011 साली यांनी एका पेट्रोल पंपावर लकी ड्रॉचं कूपन भरलं. आठ दिवसांत फोन आला, अभिनंदन, सपत्नीक या. गेलो. डिनर सेट मिळाला आणि त्याच्यासोबत दर वर्षी रिसॉर्टमधल्या खोलीची सात रात्रींपुरती मालकी (याला टाइमशेअर म्हणतात), 25 वर्षांसाठी, म्हणजे 2036 पर्यंत. किंमत 2,60,000 रुपये, हप्ते 36. डिनर सेटमधल्या बश्या केव्हाच फुटल्या.

सासूबाई तेव्हा होत्या. सातवी शिकलेल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "सातबाऱ्यावर नाव लागतं का?" नाही. "बरं, किल्ली कुठाय?" तीही नाही. "मग मालक कसले रे? आगाऊ भाडं भरलेले भाडेकरू तुम्ही." यांनी त्यांना लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दाखवलं. त्यांनी त्याने वारा घेतला.

किंमत एकदाच द्यायची, मेंटेनन्स मात्र दर वर्षी. गेलात तरी भरा, नाही गेलात तरी भरा. पहिल्या वर्षी 7,800 होता, आता 19,400 आहे. वर कर वेगळा. मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात काढली, त्यामुळे हे आकडे डोक्यातून जात नाहीत: आधी 10.3 टक्के सेवाकर, 2012 पासून 12.36, 2015 साली 14, त्याच वर्षी वर अर्धा टक्का स्वच्छ भारत उपकर, 2016 साली आणखी अर्धा टक्का कृषी कल्याण उपकर, आणि 2017 च्या जुलैपासून 18 टक्के जीएसटी. 2016 ला यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, त्या साली आम्ही गल्लीच्या बाहेर पडलो नाही. पण न केलेल्या सहलीवर आम्ही भारत स्वच्छ केला, शेतकऱ्याचं कल्याणही केलं.

आणि आमचा हंगाम सिल्व्हर. सिल्व्हर म्हणजे काय, हे कळायला जुलैत गोव्याला यावं लागतं. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद, 61 दिवस. शॅक उतरवून ठेवलेले, किनाऱ्यावर लाल झेंडे. समुद्र लांबून बघायचा, शिवायचा नाही. जेवायला बर्फातली सुरमई किंवा पनीर. एका वर्षी महाबळेश्वर मिळालं, तेही जुलैतच. तिथे वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बराचसा आम्ही खिडकीतून स्वतः मोजून घेतला.

तर दुसऱ्या दिवशी साडेदहाला हॉल. खिडक्यांना जाड पडदे, भिंतीवर घड्याळ नाही, आणि गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली की नवराबायकोला आपसात कुजबुजता येऊ नये. वीसेक गोल टेबलं, दर टेबलाला एक जोडपं आणि एक टाय. आमच्या वाट्याचा टाय चोवीस-पंचवीस वर्षांचा होता. गाठ आयती, आत इलॅस्टिक. बोलता बोलता ती हळूहळू छातीवर उतरायची आणि 'इन्व्हेस्टमेंट' म्हणायची वेळ आली की तो ती गळ्यापर्यंत वर ओढायचा. पुढे पुढे मला ऐकायचीही गरज राहिली नाही, गाठ कुठवर आली एवढं बघत होते.

सुरुवात इंग्रजीत झाली. मग त्याने विचारलं, सर कुठले? हे म्हणाले सांगली, आणि पोरगं उजळलं. "अवो मी तासगावचा की!" तिथून पुढे मी 'मॅम'ची 'काकू' झाले आणि माझा निम्मा प्रतिकार तिथेच संपला. परमुलखात आपल्याकडचं बोलणं कानावर पडलं की माणूस उगाच मऊ होतो.

पुण्यामुंबईकडच्यांसाठी एक खुलासा. आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण'. 'येतो, खरं उशीर हुईल' म्हणजे येतो, पण उशीर होईल. त्या हॉलमध्ये त्या दिवशी जे काही खरं माझ्या कानावर पडलं, ते सगळं या अर्थाचं होतं.

"काकू, तुमची मेंबरशिप चांगली आहे, खरं जुनी आहे. सिल्व्हरला आता रूम कुठं मिळतात?"

"ते आम्हाला ठाऊक आहे. पण सिल्व्हर आम्हाला विकली कोणी?"

"कंपनीनंच."

"मग?"

"म्हणून तर कंपनीच तुम्हाला त्यातनं सोडवायला आलीया."

2011 च्या पोराने हीच सिल्व्हर कशी हुशार माणसाची निवड आहे, गर्दी नाही, शांतता किती, हे आम्हाला तासभर पटवलं होतं. आता तिचा एकेक दोष आमच्यासमोर मांडला जात होता, आणि दुर्दैव असं की सगळे दोष बरोबर होते. मध्यस्थाने लग्न जमवावं, आणि तेरा वर्षांनी त्यानेच घरी येऊन म्हणावं, 'स्थळ वाईटच होतं हो, आता त्याच घरातला थोरला बघा,' तसा प्रकार. थोरल्याचं नाव प्लॅटिनम. त्यात आठवडे नसतात, पॉइंट असतात, ते खर्चून खोली घ्यायची. किंमत 6,85,000, जुन्याचे 1,10,000 वजा.

शिवाय परदेशातल्या रिसॉर्टशी अदलाबदल. (सुट्ट्यांची अशी अदलाबदल करून देणारी आरसीआय ही कंपनी 1974 साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एका नवराबायकोने काढली आणि पुढे त्यांचा घटस्फोट झाला, हे मी घरी आल्यावर वाचलं. आधी माहीत असतं, तर 'कपल कंपल्सरी' कशासाठी ते तिथेच विचारलं असतं.)

मग लॅपटॉप उघडला. हॉटेलची रात्र आज 8,000 रुपये, दर वर्षी 10 टक्के महागाई, म्हणजे पंचविसाव्या वर्षी एका रात्रीचे 78,798. हे दचकले. मी तोंडी पडताळून बघितलं, गणित बरोबर होतं. फक्त त्या वर्षी मी 85 वर्षांची असणार होते, त्याचा रकाना नव्हता.

"मेंटेनन्सला महागाई किती धरलीस?" मी विचारलं.

त्याने स्क्रीन बघितला. तिथे पंचवीसही वर्षं एकच आकडा होता.

"ते वाढत नाही फारसं, काकू."

"हे लेखी देतोस?"

गाठ छातीपर्यंत आली. "मी विचारून सांगतो."

ऑडिटमध्ये याला 'उत्तर मोघम, अनुपालन अपूर्ण' म्हणतात. पीक सीझनला खोली नक्की मिळेल? मिळेल. लेखी? विचारून सांगतो. नको असेल तर परत घेणार? घेणार. लेखी? विचारून सांगतो. चार आक्षेप झाले तशी मला जुन्या नोकरीची गोडी आली. नेमकी तेव्हाच हॉलमध्ये पितळी घंटा वाजली. "नाशिकच्या कपलचं प्लॅटिनम परिवारात स्वागत!" टाळ्या. ते नाशिककर उभे राहून ओशाळं हसत होते, चोरी सापडल्यासारखे. आमचे हेही टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा मी टेबलाखालून पाय दिला.

घंटेपाठोपाठ मॅनेजर आले. टाय नाही, बोटात पुष्कराज. त्यांनी खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर मांड ठोकली आणि पाच मिनिटांत 6,85,000 चे 5,40,000 झाले, मग 4,75,000. अवकाळी पाऊस झाल्यावर तासगावात द्राक्षांचा भाव पडतो, तसा. "फक्त आजच्या दिवसापुरतं, मॅम. या दाराबाहेर गेलात की हा रेट नाही." मी दाराकडे बघितलं. दार मला फार आवडलं.

मग त्यांनी ठेवणीतला पत्ता काढला. "मुलांसाठी काय ठेवणार आहात, सर? ही मुलांच्या नावावर होते."

यांचे डोळे पाणावले. मीच म्हटलं, मग मुलांनाच विचारू. फोन स्पीकरवर ठेवून पुण्याला मुलाला लावला.

"आई, सही केलीस का? नाही ना? पेन खाली ठेव. आणि ती जुनी आहे ना, ती धाकटीच्या नावावर कर."

लेकीला लावला. "मला नको हं. दादा थोरला आहे, मान त्याचा."

परत मुलाला लावला. तो म्हणाला, हक्कसोडपत्र करून देतो, लागलं तर उद्या रजिस्टर करतो.

सासऱ्यांच्या दोन गुंठ्यांसाठी यांनी आणि चुलतभावांनी 19 वर्षं सांगली कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. त्या दोन गुंठ्यांत बाभळीशिवाय काही उगवत नाही, तरी कोणी हक्क सोडला नाही. आणि इथे स्विमिंग पूलसकट मिळणारी इस्टेट दोन्ही वारस एकमेकांच्या अंगावर ढकलत होते. पुष्कराजवाले हे सगळं शांतपणे ऐकत होते. मग त्यांना कोणीतरी बोलावल्याचं आठवलं. मी तर कोणी बोलावलेलं ऐकलं नाही.

बाहेरच्या गिफ्ट काउंटरवर पोचेपर्यंत 2 वाजायला दहा मिनिटं होती. 40 मिनिटांचे तीन तास वीस मिनिटं. एअर फ्रायर संपले होते, त्याऐवजी व्हाउचर: दुसऱ्या एका रिसॉर्टवर दोन रात्री, सोमवार ते गुरुवार, जेवण आणि कर वेगळे. बारीक अक्षरातल्या अटी वाचायची मला सवय आहे. नववी अट, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मेंबर अपडेटला हजेरी आवश्यक. कपल कंपल्सरी. यांनी व्हाउचरची नीट चौघडी घातली आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मी काही बोलले नाही.

पोर्चमध्ये पाऊस थोडा कमी व्हायची वाट बघत उभे होतो. ते तासगावचं पोरगं बाजूला वडापाव खात होतं. टाय काढून खिशात कोंबलेला, इलॅस्टिकचं टोक बाहेर लोंबत होतं. आम्हाला बघून जवळ आलं, आजूबाजूला नजर टाकली आणि हळूच म्हणालं, "काकू, सही केली नाही ते बरं केलंत. खरं..."

तेवढ्यात आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. वडापाव तसाच हातात धरून तो टाय चाचपत पळाला.

तो 'खरं' पुण्याचा होता की सांगलीचा, यावर आमचा दोघांचा परतीच्या सबंध घाटात वाद चालला होता.